जुनी लोकर

सातवा महिना लागल्यापासून शलाकाच्या हातांना चैन नव्हती. क्रोशाची सुई भरभर चालायची, एक टाका चुकला की सगळी ओळ उसवायची. सासूबाईंची चाहूल लागताच इवलासा स्वेटर उशीखाली जायचा. बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी नवं काही करायचं नाही, ही घरची रीत. मागच्या खेपेला तिने हौसेने झबली शिवली होती, आणि पाळणा रिकामाच राहिला.

आज सासूबाईंनी उशीच उचलली.

"नवं नाही, आई. माझाच जुना स्वेटर उसवलाय."

सासूबाई उशी ठेवून आत गेल्या. शलाकाचा जीव टांगणीला लागला.

त्या परतल्या तेव्हा हातात सासऱ्यांचा राखाडी स्वेटर होता. ते गेल्यापासून कुणाला हात लावू न दिलेला.

"बाह्यांना लोकर पुरायची नाही तुला," म्हणत त्या स्वतःच उसवायला बसल्या.