वीतभर दोरी

गेलनने लॅडीच्या रिमोटच्या गाडीच्या स्टार्टरचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. आतली स्प्रिंग जागेवरून निसटून वेडीवाकडी झाली होती आणि दोरी पार शेवटापर्यंत ओढली गेली होती.

“पुन्हा? लॅडी, लेका ही काय गवत कापायची मशीन आहे? हातभर गाडी, तिची दोरी वीतभरच ओढायची. इथल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक आहे हे!”

“माझंच चुकलं,” लॅडी म्हणाला. “जोर जास्त लागला.”

“दर शनिवारी लागतो?”

लॅडी टोपीची कड चाचपत राहिला.

खरं तर लॅडीचा आणि दोरीचा संबंधच काय? नायट्रो इंधनावर पळणाऱ्या या छोट्या गाड्यांची शर्यत एकट्याची नसते. एकजण वर मचाणावर रिमोट घेऊन उभा राहतो. दुसरा खाली, इंधन भरायला आणि इंजिन बंद पडलं की दोरी ओढून पुन्हा चालू करायला. वर लॅडी आणि खाली त्याची बायको आर्डिथ, ही जोडी आमच्या नेब्रास्कातल्या या मातीच्या ट्रॅकइतकीच जुनी. दोरी ओढण्यात आर्डिथचा हात धरणारं कोणी नव्हतं. वीतभर झटका, की इंजिन किंचाळायलाच लागायचं.

आर्डिथ शेजारीच घडीच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर सामानाची पिशवी. जाड कॅनव्हासची, तिनेच शिवलेली, प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा कप्पा. पूर्वी ती गप्पा मारता मारता, न बघता आत हात घालून हवा तो पाना काढून द्यायची. आत्ता तिने इंधनाची बाटली काढली, उलटसुलट करून पाहिली आणि पान्याच्या कप्प्यात कोंबायला लागली. बाटली जाईना. ती मात्र शांतपणे कोंबत राहिली.

गेलनचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. बोटांवर दोरीचा लालभडक वळ होता. लॅडीच्या बोटांवर काहीच नव्हतं.

“कधीपासून?” त्याने हळूच विचारलं.

लॅडीने आधी आजूबाजूला पाहिलं. “हिवाळ्यापासून. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. शनिवार मात्र विसरत नाही. सकाळी पिशवी घेऊन दारात तयार.”

“आणि बोलणी तू खातोस.”

“मला हसा की, खुशाल हसा. तिला कोणी हसलेलं मला चालायचं नाही.” त्याने टोपी खाली ओढली. “क्लबला सांगू नकोस, गेलन. कळलं तर तिला खाली उभं राहू देणार नाहीत. तापलेलं इंजिन, इंधन... त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. पण हेही गेलं तर तिच्याकडे उरलं काय?”

आणि तुझ्याकडे, असं गेलनच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

“इंधन मी भरतो,” तो म्हणाला. “तिने फक्त दोरी ओढायची.”

त्याने नवी स्प्रिंग बसवली. दोरी चकतीवर गुंडाळता गुंडाळता तो थांबला. उपाय एकच होता आणि तो त्याला नको होता. नवशिक्याच्या दोरीला मध्येच एक गाठ मारतात. ती आतून भोकाशी अडते आणि दोरी वीतभराच्या पुढे येतच नाही. ही युक्ती आमच्याकडे आर्डिथनेच आणलेली. गेलनच्या पहिल्या गाडीलाही तिनेच गाठ मारली होती आणि महिन्याभराने त्याच्या पाठीत धपाटा घालून तिनेच ती सोडवली होती.

त्याने गाठ मारली. ती सैल पडली. त्याने पुन्हा मारली, झाकण लावलं आणि स्क्रू पिळले.

भोंग्यावर शर्यतीची हाक आली. लॅडी मचाणाच्या पायऱ्या चढून वर गेला. गेलनने इंधन भरलं, प्लग तापवायची बॅटरीची कांडी लावली आणि गाडी आर्डिथपुढे ठेवली. ती उठली. तिने दोरीची मूठ धरली आणि खांद्यातून जोर लावून ओढली.

दोरी वीतभर आली आणि अडली.

तिने पुन्हा ओढली. पुन्हा अडली. मग तिने मूठ सोडली, गाडी तिरपी केली आणि दोरीच्या भोकाशी नख लावून पाहिलं.

“गेलन,” ती म्हणाली. आज पहिल्यांदाच तिच्या तोंडून त्याचं नाव आलं. “अरे, ही तर नवशिक्याची गाठ.”

“हो.”

“कुणाची गाडी ही?”

गेलनने वर पाहिलं. लॅडी कठड्यावरून ओणवा होऊन खाली बघत होता. रिमोट त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

“एकजण नवा आलाय,” गेलन म्हणाला.

आर्डिथने त्याच्या नजरेमागे वर पाहिलं. कठड्यावरच्या म्हाताऱ्याला तिने नीट न्याहाळलं आणि ती हसली. पूर्वी नव्या पोरांकडे बघून हसायची, तशीच.

“तो होय? घाबरलाय बिचारा.”

“थोडासा.”

“सगळ्यांचं होतं तसं सुरुवातीला.” तिने मूठ पुन्हा धरली. या वेळी मनगटातून, वीतभरच. इंजिन किंचाळत उठलं, निळा धूर तिच्या वळ उठलेल्या बोटांवरून वर गेला. त्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणाली,

“सांग त्याला, मी आहे इथे. महिन्याभरात सोडवू ही गाठ.”