काखेतली डबी

डबी काखेतच ठेवायची, असे प्रयोगशाळेने बजावले होते. गारठ्याने आतले शुक्रजंतू मरतात. तासाभरात पोचले नाहीत तरी तपासणी व्यर्थ जाते. रत्नदीपने ती उजव्या काखेत दाबली होती आणि देवळीहून वर्ध्याला निघालेल्या एसटीत तो एका अंगाने आखडून बसला होता. काखेत डबी धरून मोटारसायकल चालवता येत नाही, हे त्याने अंगणातच पडताळून पाहिले होते.

तो शाळेत विज्ञान शिकवीत असे. लग्नानंतर बरीच वर्षे मूल झाले नाही, म्हणून त्याच्या बायकोची, भावनाची, गर्भनलिका, संप्रेरके, रक्त अशी सर्व तपासणी होऊन गेली होती. त्याच्या आईने दिलेले काढेही तिने प्यायले होते. दोष सापडला नव्हता, म्हणून आता सोमवारी तिच्या पोटाला छेद देऊन दुर्बीण घालायचे ठरले होते. रत्नदीपच्या डाव्या वृषणाभोवतीच्या शिरा कॉलेजात असल्यापासून फुगलेल्या होत्या. दिवसभर उभे राहून शिकवले की तिथे जडपणा येई. पुरुषाच्या वंध्यत्वाचे हे एक नेहमीचे कारण आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नव्हते आणि त्याने सांगितले नव्हते. परवा सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी आधी त्याचा अहवाल आणायला सांगितले.

"काखेत काय लपोलं जी मास्तर?" शेजारी बसलेल्या कैलासने विचारले. गावात त्याचे खतांचे दुकान होते. मूल होत नाही म्हणून पहिली बायको सोडून त्याने दुसरी केली होती, त्यामुळे या विषयात तो जाणकार मानला जाई.

"भावनाच्या तपासणीचं आहे." हे उत्तर रत्नदीपने घरूनच तयार करून आणले होते.

"अजून किती तपासता बा? मी तं दोन वर्सं पाह्यलं अन् मोकळा झालो."

पुढच्या फाट्यावर गाडी थांबली, ती थांबूनच राहिली. अर्धी गाडी लग्नाला निघाली होती, आणि नवरीची मावशी आहेराचे पातळ आणायला घरी परत गेली होती. मावशीवाचून गाडी हलणार नाही, असे वऱ्हाडाने एकमताने ठरवले. रत्नदीपने घड्याळ पाहिले आणि तो उठला.

"थांबा ना सर, येऊनच राह्यल्या मावशी," कंडक्टरबाई म्हणाल्या.

"तपासणीची वेळ टळून राह्यली."

"बायकोचीच तं आहे," कैलास बसल्या जागेवरून म्हणाला. "उद्या न्या. बाईच्या तपासणीले कायची घाई?"

दोघेतिघे हसले. रत्नदीपने काख आणखी घट्ट आवळली.

"भावनाची नाई, माही तपासणी आहे," तो वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला. "वीर्य आहे डबीत. लेकरू माह्यामुळं होत नसंन, तं ते तिचं पोट फाडाच्या आधी समजाले पायजे."

वऱ्हाडाला खिडकीबाहेर पाहण्यासारखे एकदम बरेच काही सापडले. कंडक्टरबाईंनी त्याच्याकडे न पाहता दोरी दोनदा ओढली. मावशी राहिली.

डबी वेळेत पोचली. ती प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत देऊन रत्नदीप वळला, तर मागे कैलास उभा. त्याचे काम बाजारात होते आणि बाजार उलट्या दिशेला होता.

"मी सोडली ते बाई," भिंतीवरचे दरपत्रक वाचत तो म्हणाला, "मंग सिंदी रेल्वे गावात दुसऱ्या घरी देली तिच्या बापानं. तिचा पोरगा यंदा शाळेत गेला. माह्या दुसरीले अजून लेकरू नाई."

कैलासने दरपत्रक शेवटपर्यंत वाचून काढले.

"डबी इथंच भेटते का जी?"