आईचा सोनाटा

पियानोवादन संपलं तशी मावशी धावत रंगमंचामागच्या खोलीत आली. "काय वाजवलंस गं! अंगावर काटा आला माझ्या."

दादा मात्र दारातूनच कडाडला, "कसला काटा? आई हाच सोनाटा किती हळुवार वाजवायची! तू नुसती आदळआपट केलीस. पार वाट लावलीस तिच्या सोनाटाची!"

बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, तू होस्टेलवरून फक्त रविवारी घरी यायचास. रविवारी बाबा घरात असायचे, म्हणून ती हळुवार वाजवायची. सोमवारी ते कामावर गेले, की दारं-खिडक्या घट्ट लावून आई हा सोनाटा असाच वाजवायची. अगदी असाच!"