करवतीचा सूर

कारखान्याच्या पत्र्यातल्या भोकातून सकाळचे ऊन आत उतरले. आधी ते भुशाच्या ढिगावर टेकले, मग सागवानी फळ्यांवरून सावकाश सरकत विजेच्या करवतीच्या गोल पात्यावर येऊन थांबले. इतक्या शांत उजेडातही मला त्या पात्याची भीती वाटली. जुनी करवत आता पूर्ण वेगात थरथरू लागली होती आणि बाबांची बोटे रोज तिच्या वीतभर अंतरावरून जात.

वेग कमी करू या म्हटले की ते हसत. "मी कानाने कापतो, लेका. सूर बदलला की हात चुकेल."

आज ते येण्यापूर्वी मी प्लग काढला, पट्टा उतरवला आणि वेग उतरावा म्हणून मोटरवर पट्ट्याची लहान पुली बसवली. पट्टा आणि त्यावरची जाळी पुन्हा लावून, प्लग जोडून पाहिले. करवत संथ, खोल आवाजात, न थरथरता फिरली. आता ते पहिल्याच क्षणी ओळखतील आणि रागावतील, या धास्तीने मी दाराशी उभा राहिलो.

बाबांनी बटण दाबले, मान कलती करून नेहमीसारखा कानोसा घेतला आणि फळी पुढे सरकवली.

"ऐकलंस? तोच सूर! आणि तू म्हणे वेग कमी करू!"

"बाबा, थांबा," मी म्हणालो. मग ओरडलो. फळी सरकतच राहिली, तिच्यामागून त्यांची बोटेही. मी धावत जाऊन बटण बंद केले.

कित्येक महिने मी त्यांना दोनदोनदा हाका मारत होतो आणि दोष करवतीच्या गोंगाटाला देत होतो.

बाबांना ऐकू येईनासे झाले होते.