दोन टोकांचा उजेड

दोन बस बदलून रतन आंदर मावळातून तळेगावला आली ती थेट अनघा मॅडमच्या दारात. मॅडमनी तिच्या नवऱ्याला, कैलासला, शाळेत विज्ञान शिकवलं होतं. तिनं मोबाईल पुढे केला. फोटोत बर्फ होता, कैलास होता आणि वर आभाळभर हिरवा उजेड.

“परवाचा हाय. अंटार्क्टिकात स्वयंपाकी हाये म्हनत्यात. खरंच तितं हायेत का, तेवडं बगा.”

मॅडमनी त्याच वेळचे उत्तर ध्रुवाकडचे फोटो इंटरनेटवर शोधले. हा ध्रुवीय उजेड पृथ्वीच्या दोन्ही टोकांना एकदमच, आरशातल्यासारखा पडतो, असं त्या वर्गात सांगत आल्या होत्या. पण इथं जुळेना. तिकडचा उजेड पूर्वेला झुकलेला, कैलासचा पश्चिमेला. त्यांनाही शंका आली. बराच वेळ वाचल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला.

“सूर्याकडून वारा येतो ना, तो सूर्याचं चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन येतो. परवा ते एका बाजूला कललेलं होतं. तसं झालं की दोन टोकांचे उजेड उलट्या बाजूंना सरकतात. कैलासनं उत्तरेकडचा फोटो उचलून त्यात स्वतःला चिकटवलं असतं, तर उजेड पूर्वेला दिसला असता. कैलास खरंच तिथं आहे, रतन.”

रतननं मोबाईल मांडीवर उलटा ठेवला.

“ह्यो फोटो त्यांनी दोस्ताला धाडलाय, मॅडम. मला म्हनले हुते, तितून सा म्हयने फोन लागनार न्हाई.”