बारावा फोटो

आगं ऐका तर! कॅमेरा माझा, माझ्या मामानं दिलेला. रोल बी माझाच. अकरा फोटो मी काढले, तळं, किल्ला, देऊळ, लई झकास! एक उरला म्हणून आपल्या वाड्यातल्या शांतम्माला म्हणलं, "घे, तू बी काढ की." तर ही बया नळाजवळ उकिडवी बसली आन् भिंतीतनं उगवलेल्या एकदांडीच्या फुलाचा काढला! असली फुलं रोज पायाखाली तुडवतो गं आपण!

आन् रोल धुवायला दिला, तर नवी पेठेतल्या स्टुडिओवाल्यानं काचेत काय लावलं? तेच फूल! खाली शांतम्माचं नाव. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

कॅमेऱ्यात दुसरा रोल घातला, तर परत ही म्हणती, "एकच दे की गं, त्या फुलाचा आणखी एक काढते." कॅमेरा दिला तिच्या हातात आन् मीच तिच्याआधी नळावर पळाले. म्हणलं, उपटूनच टाकते, मग कशाचा काढतीस! खाली बसले, देठ धरला. तर पाकळीवर नळाच्या पाण्याचा थेंब, आन् त्या एवढ्याशा थेंबात अख्खं आभाळ. माझा हात तसाच राहिला. मागनं खट् वाजलं.

आता काचेत दोन फोटो हायत. बायका थांबून म्हणत्यात, "किती मायेनं बघतीया गं पोरगी फुलाकडं!"

मी उपटायला बसले होते, ते शांतम्मानं बघितलंय. तरी मेली कुणाला सांगत न्हाय!