संस्थापक

ऊसतोड कामगारांच्या पोरांना रेश्मा तीन हंगाम त्यांच्या पाचटाच्या कोप्यांपाशी शिकवत होती. कारखान्याच्या संचालकांचा पार्थ तिथे एकाच रविवारी आला. स्वतःच्या नावाच्या संस्थेचा फलक बांधला, बिस्किटं वाटली, फोटो काढले आणि ऊन चढायच्या आत गाडीत जाऊन बसला.

रेश्माची आई संचालकांकडे स्वयंपाकाला होती, म्हणून पुण्याच्या कॉलेजचा अर्ज तिने त्यांच्याच संगणकावर भरला. 'अभ्यासाव्यतिरिक्त उपक्रम' या रकान्यात लिहिण्यासारखी तिच्याकडे ही शाळाच होती.

पार्थच्या आईने वाचलं. "अगं, हे खोड. पार्थनं हीच शाळा लिहिलीय, त्याच कॉलेजच्या अर्जात. त्यांना वाटेल, तू नक्कल केलीस."

"काकू, पन तिथं शिकवते मी."

"मग लिही ना, पार्थच्या संस्थेत शिकवते म्हणून! प्रमाणपत्रावर सही करायला तो काही नाही म्हणायचा नाही."